स्टार्टचं बटण

पृथ्वीराज : दार उघडायला सांग तिला, सुलक्षणा. तेजश्रीला बघायला येणारे पाहुणे एव्हाना मांडवगणात पोचलेसुद्धा असतील. मुलगीच घरात नाही म्हटल्यावर आबा त्यांना काय दाखवणार, ट्रॅक्टर?

सुलक्षणा : बरा हाय की ट्रॅक्टर. नवा कोरा हाय. बस आधी, पाणी पी. एवढ्या उन्हाचा दौंडला आलास.

पृथ्वीराज : मला पाणी नको, माझी मुलगी पाहिजे.

सुलक्षणा : खोलीत हाय, आतनं कडी लावून. फायनल चाललीया तिची. संपली की येईल.

पृथ्वीराज : कसली फायनल! मोबाईलवरचा गेम तो. पॉज कर म्हणावं, चल घरी, पोह्यांचा ट्रे फिरव, मग बस रात्रभर खेळत.

सुलक्षणा : त्याला पॉज नसतो. टीममधलं कोण नागपुरात बसलंय, कोण सोलापुरात. ही उठली की सगळ्यांचा डाव गेला.

पृथ्वीराज : म्हणूनच म्हणतो, हे आजकालचे गेम म्हणजे डोक्याला ताप. आपल्या वेळचे कसे होते! कॅसेट फुंकायची, टीव्हीला वायर जोडायची, तीन लाईफ, संपल्या की गेम ओव्हर. सगळी एका सतरंजीवर. आईनं जेवायला हाक मारली की पॉज, आणि भाकरी खाऊन परत तिथूनच सुरू. आता कोण कुठला सोलापूरचा, ना ओळख ना पाळख, त्याच्यापायी बाप दारात उभा!

सुलक्षणा : खोटं न्हाई बोलत तू. ह्या गेमांनी पोरांची डोकी खाल्ल्यात. जेवताना मान वर करत न्हाईत. तेजश्रीला मीबी वरडते.

पृथ्वीराज : मग! तुलाही पटतंय ना?

सुलक्षणा : अर्धं पटतंय. पण आपल्या वेळी पॉज कोण करायचं रे, दादा?

पृथ्वीराज : कोण म्हणजे? आपणच.

सुलक्षणा : आपण न्हाई. तू! स्टार्टचं बटण पहिल्या रिमोटवरच असायचं, आन् तो रिमोट जन्मात कधी माझ्या हातात दिला न्हाईस. मी उडी मारली की मधीच पॉज दाबायचास. पुन्हा चालू केलंस की माझा माणूस खड्ड्यात. आन् तू दात काढणार.

पृथ्वीराज : लहान होतो गं. गंमत ती.

सुलक्षणा : आन् दौंड स्टेशनाजवळच्या गेम पार्लरात? तीबी गंमतच का?

पृथ्वीराज : ते कशाला उकरून काढतेस आता?

सुलक्षणा : उकरणार! बारावीला व्हते मी. गणपतीतली स्पर्धा, फायटिंगचा गेम. सेमीफायनलला माझ्यासमोर कोण उभं व्हतं?

पृथ्वीराज : आठवत नाही.

सुलक्षणा : मला आठवतं. तू. तुझ्या सगळ्या दोस्तांच्या देखत आडवा केला तुला. मग फायनल रंगात आली, आन् तू मागनं येऊन भिंतीवरचा स्विच बंद केलास. वेणी धरून एसटीत घातलंस मला. घरी जाऊन आबांना काय सांगितलंस? "पोरगी दौंडात पोरांच्यात खेळतीया." कॉलेज बंद. तुळशीचं लगीन झालं नि पाठोपाठ माझं. तू माझ्याकडनं हरला व्हतास, तेवढं सांगायचं विसरलास.

पृथ्वीराज : वाईट झालं का तुझं? नवरा रेल्वेत, घर आहे, सगळं आहे.

सुलक्षणा : माझं चांगलं झालं ते माझ्या नशिबानं. तू नको त्यात हात घालू.

पृथ्वीराज : बास झालं. शेवटचं विचारतो, दार उघडायला सांगतेस का? नाहीतर मेन स्विच कुठाय?

सुलक्षणा : बघ, गेलाच का हात स्विचकडं! त्या कोपऱ्यात हाय. ओढ.

(खट्. पंखा थांबतो. आतून तेजश्रीचा आवाज तसाच येत राहतो : "डावीकडनं या, डावीकडनं!")

सुलक्षणा : उकडतंय का रे? मोबाईल चार्ज करून घेतलाय तिनं, नेटबी सिमचं हाय. सकाळीच सांगून ठेवलं तिला, तुझा बाप येईल आन् पहिली लाईट बंद करंल.

पृथ्वीराज : म्हणजे ठरवून केलंस हे! माझ्या पोरीच्या आडून माझ्यावर सूड उगवतेस?

सुलक्षणा : व्हय, सूडच. कशाला खोटं बोलू? तेजश्रीनं तुझ्या पाया पडून सांगितलं, डिग्री पुरी होऊ द्या, आत्ता लग्न नको. ऐकलंस? मग आली माझ्याकडं. आन् मला लई आनंद झाला, दादा. ह्या दिवसाची वाट बघत व्हते मी. फोन वाजतोय तुझा. आबांचा हाय.

पृथ्वीराज : राहू दे. मी बाहेर जाऊन बोलतो. अगं ए, दे इकडं!

सुलक्षणा : हॅलो, आबा. मी सुलक्षणा. स्पीकरवर लावते, दादाबी हितंच हाय.

आबा (फोनवर) : जरा मोठ्यानं बोल. ऐकू येत न्हाई म्हणून मीबी स्पीकरवर लावलंया. पाव्हणं कवाधरनं बसल्यात हितं. पोरगी कुठं हाय?

सुलक्षणा : पोरगी दौंडात पोरांच्यात खेळतीया!

पृथ्वीराज : अगं, पाहुणे ऐकतायत!

सुलक्षणा : तवाबी भरल्या वसरीत बोलला व्हतास तू.

आबा : हे बोलणं मी आधी कवातरी ऐकलंया.

सुलक्षणा : पृथ्वीदादाच्या तोंडून, आबा. माझ्याबद्दल. त्याच दिवशी त्याला मी हरवलं व्हतं. चारचौघांत. ते पोटात ठेवलं त्यानं.

आबा : पृथ्वी, खरं का हे?

पृथ्वीराज : आबा, मागचं राहू द्या, आधी पाहुण्यांना थांबवा.

आबा : पाव्हणं उठलं. चपला घालत्यात. मी इचारलं त्याचं सांग.

पृथ्वीराज : व्हय, आबा.

आबा : आन् मी त्या पोरीचं कॉलेज बंद केलं. ... तिथंच बस आता. नातीचा डाव होईस्तवर उठायचं न्हाई. ठेवतो.

तेजश्री : आत्या, लाईट कधी गेली गं? अगंबाई, पप्पा!

सुलक्षणा : झालं का, बाळा?

तेजश्री : हरलो. अगदी थोडक्यात.

पृथ्वीराज : घ्या! चांगलं स्थळ घालवलं, बापाची इज्जत घालवली. हरण्यासाठी एवढा तमाशा?

सुलक्षणा : मला हरायलाबी मिळालं न्हाई, दादा.