चौदा राजे आणि एक झोप

नाही, पण मी म्हणते, लोकांना विचारायला दुसरं काही सुचत नाही का? जो तो आपला तेच! “राजवाडा बघून आलात म्हणे, तेही स्वतंत्र गाईड घेऊन, वा वा, मग काय काय बघितलं?” अहो, काय बघितलं काय काय बघितलं! दरबाराला सोन्याचा मुलामा होता म्हणे. असेल बाई! छताला झुंबर होतं म्हणे, बैलगाडीएवढं. असेल बाई! मी तिथंच होते हो, त्याच झुंबराच्या खाली, चांगली उभी होते, पण मला त्या अख्ख्या राजवाड्यात दिसलं काय, तर डाव्या खांद्यावर टेकलेली एक टाळू आणि त्या टाळूवरचे अकरा केस. अकरा महिन्यांची मुलगी, अकरा केस, महिन्याला एक!

थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई काय बडबडतेय.

तर ही आमची मुलगी. नाव छान ठेवलंय, कागदावर आहे, पण घरात सगळे तिला हवालदार म्हणतात, कारण ती ड्यूटीवरून उतरतच नाही. दिवसाची झोप किती? बारा मिनिटं! तेरावं मिनिट लागलं की डोळे टक्क उघडे, आणि आम्हा सगळ्यांची हजेरी सुरू. काय नाही केलं मी? झोळी केली, पंखा मोठा केला, पंखा बारीक केला, शेजारीण म्हणाली पाण्याच्या आवाजानं मुलं झोपतात, तर नळ सोडून बसले, टाकी रिकामी झाली, ही जागी! डॉक्टरकडे चार वेळा गेले. ते म्हणाले, “वजन छान आहे, हसते, खेळते, काही मुलं कमी झोपतात.” मी म्हटलं, “पण डॉक्टर, तिच्या मेंदूला विश्रांती नको का?” तर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, आधी तुमच्या मेंदूला द्या.” आता हे काय डॉक्टरनं बोलणं झालं? मला आपली एकच काळजी, अहो, झोपेत वाढतात ना मुलं? मग ही वाढणार कधी?

तर अशात एके दिवशी आमचे हे आले नाचत. हे प्रवासी गाडी चालवतात, दुसऱ्याच्या मालकीची. सहा वर्षं लोकांना राजवाड्याच्या फाटकाशी सोडतात आणि गाडीतळावर टेकून उभे राहतात. सहा वर्षं! आत पाऊल नाही. आतून बाहेर येणाऱ्या लोकांचे चेहरे बघून हे ठरवतात की आत काय असेल. तर मालकाचे कुणी मोठे पाहुणे यायचे होते, त्यांच्यासाठी खास गाईड ठरवलेला, पाहुणे आजारी पडले, आणि मालक म्हणाले, “जा रे, तुझ्या घरच्यांना घेऊन जा.” हे मला म्हणाले, “अगं, चल ना. अकरा महिन्यांत आपण कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलो नाही.” तोंड असं केलं ना, मला नाहीच म्हणवेना. पण परक्या जागी, बारा मिनिटं झोपणारी मुलगी, आणि राजाच्या घरात तिनं भोकाड पसरलं तर?

सासूबाई म्हणाल्या, “पसरू दे. राजघराण्यात काय मुलं रडली नसतील?”

निघालो. पिशवी माझी केवढी! दुपटी सहा, झबली पाच, थर्मामीटर एक. सासूबाई म्हणाल्या, “अगं, राजवाडा बघायला चाललोय की राहायला?” सगळे सांगतात गाडीत मुलं झोपतात. दीड तासाचा रस्ता, ही खिडकीला नाक लावून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकची नोंद घेत होती. हवालदार!

फाटकाशी गाईड उभे. साठीच्या पुढचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मिटलेली छत्री. आणि आम्ही किती माणसं? मी, हे, सासूबाई आणि कडेवरचा हवालदार. पण त्यांना एकतीस वर्षं चाळीस-चाळीस माणसांची सवय, त्यामुळे त्यांनी छत्री उंच धरली आणि गर्जना केली, “मंडळी! सगळे आले का? मागच्यांना ऐकू येतंय ना?” मागे कोण? सासूबाई! आणि त्याही चपला काढायच्या की नाहीत या विचारात. त्या आपल्या म्हणाल्या, “येतंय हो, येतंय.”

झालं, सुरू! “या घराण्याचे मूळ पुरुष, पहिले राजे, हे अत्यंत शूर, अत्यंत दानशूर आणि अत्यंत...” आवाज कसा म्हणून सांगू, एका सुरात, वर नाही खाली नाही, जात्यावर दळण पडावं तसा, घर्र घर्र घर्र... आणि मला खांद्यावर काहीतरी जड लागलं. बघते तर हवालदार गार! तोंड उघडं, लाळ माझ्या पदरावर!

माझ्या तोंडून निघालंच, “अगं बाई, झोपली!”

गाईड थांबले. चेहरा पडला हो त्यांचा. म्हणाले, “एकतीस वर्षांत मी माहिती सांगताना कुणी झोपलेलं नाही.” आणि ते थांबले तसा हवालदारानं एक डोळा उघडला. सासूबाई चटकन म्हणाल्या, “अहो, रागावता काय! हिनं डॉक्टरला चार-चार वेळा हरवलंय. तुमच्या गळ्यात जादू आहे. बोला तुम्ही, थांबू नका!”

“पहिले राजे,” ते चाचरत म्हणाले. डोळा मिटला. ते थांबले. डोळा उघडला. “अत्यंत दानशूर...” मिटला! तुम्हाला सांगते, नळ चालू-बंद करावा तसं! आता त्या माणसालाच मजा वाटायला लागली. छाती अशी पुढे आली आणि म्हणाले, “मंडळी, माझ्यामागून या. आता मध्ये श्वाससुद्धा घेत नाही.”

आणि खरंच घेतला नाही! दुसरे राजे घोड्यावरून पडले, तिसरे राजे भावाशी भांडले, चौथ्या राजांना बागेचा नाद, पाचव्यांना लग्नांचा... हा तलवारींचा कक्ष, तलवारीच्या मुठींना हिरे होते म्हणे. असेल बाई! हा राणीसाहेबांचा आरसेमहाल, एका पणतीच्या तिथं हजार पणत्या दिसायच्या म्हणे. असेल बाई! मला त्या हजार आरशांत हजार वेळा एकच दिसलं, पदरावर लाळ! हे मात्र बघत होते हो. मान वर करून, तोंडाचा आ करून, दोन्ही हात पाठीमागे, शाळेची सहल आल्यासारखे. मध्येच माझ्याजवळ येऊन अगदी कुजबुजत म्हणाले, “अगं, मी लोकांना सांगायचो, आत काही नाही, जुनी खुर्ची-टेबलं आहेत. किती खोटं बोललो गं मी!”

बारा मिनिटं झाली. तेरावं... झोपलेली! वीस झाली. पंचवीस! मला वाटलं, छताला लटकलेल्या त्या सगळ्या झुंबरांना लोंबकळून नाचावं.

आणि तेवढ्यात गाईडांनी बोलता बोलता मनगटाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक! “सहावे राजे, अत्यंत न्यायप्रिय, ताई, किती वाजले, बाराला चार मिनिटं कमी, अत्यंत न्यायप्रिय, आणि पुढचं दालन घड्याळांचं आहे.” मी म्हटलं, “मग?” “सत्तावीस घड्याळं, ताई! सगळी चालू! सहाव्या राजांना छंद होता!”

सत्तावीस घड्याळं गुणिले बारा टोले! पुढे जायला वाट तीच! मग काय विचारता, पळालो आम्ही! पुढे गाईड, छत्री वर, आणि तोंडानं अखंड, “सहाव्या राजांनी-ही घड्याळं-परदेशातून-उजवीकडे बघू नका-मागवली-” मागे मी हवालदाराला दोन्ही हातांनी धरून, टाचा न टेकवता, माझ्यामागे हे पिशवी घेऊन, त्यातलं थर्मामीटर खडखडतंय, आणि सगळ्यात शेवटी सासूबाई, एक हात गुडघ्यावर, “अगं माझ्यासाठी थांबू नका, तुम्ही तिला वाचवा!” पहारेकऱ्यानं शिट्टी तोंडात घातली, राजवाड्यात पळायला बंदी ना, तर गाईडांनी त्याच्यावर अशी काही छत्री रोखली, सहाव्या राजांनीही कधी शत्रूवर तलवार रोखली नसेल, आणि त्याच सुरात, “अत्यंत-न्यायप्रिय-शिट्टी वाजवशील तर बघ-आणि प्रजादक्ष!” पहारेकऱ्यानं माझ्या खांद्याकडे बघितलं, शिट्टी खिशात ठेवली, आणि आम्ही बाहेर पडल्यावर त्यानं स्वतः ते भलंमोठं दार ओढून लावलं. बाळाबाळंतिणीची जाण असलेला माणूस! आतून टोल्यांचा आवाज आला, पण कसा, रजईखालून आल्यासारखा. हवालदारानं नाक मुरडलं, ओठ चोखले, आणि परत गार.

तर मी आता सुखी व्हायला हवं होतं की नाही? तुम्हीच सांगा! पण माझं मन म्हणजे ना... चाळीस मिनिटं झाली, तास झाला, सव्वा तास झाला, आणि माझ्या डोक्यात आलं, ही एवढी का झोपतेय? कधी नाही ती आजच का? मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू. दहा पावलं गेले, परत बोट. आठवे राजे, बोट. नववे राजे, बोट. दहाव्या राजांची चांदीची पालखी होती म्हणे, असेल बाई, मी बोट धरून उभी! शेवटी मी रडकुंडीला येऊन सासूबाईंना म्हटलं, “आई, हिला उठवू का? जरासंच? बघू तरी उठते का?”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “अकरा महिने झोपत नाही म्हणून रडलीस, आता झोपली म्हणून रडतेयस. तुला नक्की हवंय काय गं?” आणि मग जवळ येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “हे असंच असतं बाई. तुझ्या या नवऱ्याच्या नाकाखाली तो चार वर्षांचा होईपर्यंत मी बोट धरलंय.” यांनी मागे वळून बघितलं, कानाच्या पाळ्या लाल!

आणि मग आला चौदावा राजा. चौदावे राजे निपुत्रिक वारले, राजवाडा सरकारजमा झाला, इतिहास संपला! शेवटचं दालन, समोर बाहेर जायचं दार. गाईड थांबले. हवालदाराची पापणी हलली.

गाईडांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि त्याच सुरात म्हणाले, “आणि मंडळी, या गाईडचे मूळ पुरुष म्हणजे माझे आजोबा. ते अत्यंत तापट...” पापणी मिटली! आम्ही बाकावर बसलो, आणि त्यांनी आपलं सगळं घराणं सांगितलं हो. आजोबा, वडील, गुडघ्याचं ऑपरेशन, दोन्ही मुलं लांबच्या गावी. बायको म्हणते, “घरी आलात की आवाज बंद, दिवसभर तिथं बोलता ते पुरे.” मग त्याच सुरात, वर नाही खाली नाही, म्हणाले, “माझी मुलं लहान होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी इथं गर्दी. त्यांना मी कधी झोपवलं नाही, मंडळी. मला हे येतं, हेच मला माहीत नव्हतं.” हे उगाच पिशवीची चेन लावत बसले, ती आधीच लावलेली होती.

एक तास पन्नास मिनिटं! मग ती आपणहून उठली, आळस दिला, गाईडांच्या छत्रीकडे बघून हसली. गाल असे टवटवीत! गाईड म्हणाले, “मंडळी, कुणाला काही प्रश्न?” आणि पहिल्यांदाच गप्प बसले.

निघताना यांनी गाईडांच्या आवाजात चौदा राजे मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतले, सगळेच्या सगळे, गाडीतळावर उभं राहून. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोठ्या आशेनं लावलं. पहिले राजे अत्यंत शूर... आणि आमची ही, मोबाईल हातात घेऊन, उलटा करून, मागे तो माणूस कुठं आहे ते शोधतेय! झोप कसली, तपास सुरू! यांनी गाईडांना फोन लावून सांगितलं, की काका, मोबाईलवर नाही हो चालत. पलीकडून आवाज आला, “मंगळवारी राजवाडा बंद असतो.”

झालं! आता दर मंगळवारी दोन वाजता येतात, इस्त्रीचा शर्ट, छत्री दाराशी. आमच्या दोन खोल्यांत उभे राहून म्हणतात, “मंडळी, सगळे आले का?” दुसऱ्या राजाला हवालदार झोपते, दोन-दोन तास! चौथ्या राजाला सासूबाई. यांना सुट्टी असली तर पाचव्याची लग्नं व्हायच्या आत हे भिंतीला टेकून घोरतात. डॉक्टर म्हणतात, छान झालं, मुलगी झोपली की तुम्हीही आडव्या होत जा. अहो, डॉक्टरला काय जातंय सांगायला! घरी आलेला म्हातारा माणूस जीव तोडून एवढं बोलतोय... कुणीतरी “हूं” म्हणायला नको का?