आठ दिव्यांचा डबा

जबाब
दि. २०/११/२०२५, वेळ १५.४० वा.

नाव : विमलबाई देवमन सरकटे, वय ५१ वर्षे, धंदा : घरी शिवणकाम (पोलके व शाळेचे ड्रेस), रा. कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशिम. मोबाईल आहे, तो घरी चार्जिंगला राहिला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती देवमन यांच्यासह राहते. पती ग्रामपंचायतीत नळाचे पाणी सोडण्याचे काम करतात. मला एकच मुलगी असून तिचे नाव सपना, वय २३ वर्षे आहे. ती नागपूर येथे मीटरचे बोर्ड जोडण्याच्या कारखान्यात कामास आहे. आज रोजी सकाळी ०९.४० वा. चे सुमारास कारंजा बसस्थानकात नागपूर गाडीमध्ये जो बेवारस डबा मिळून आला, त्याबाबत माझा जबाब खालीलप्रमाणे आहे.

इथवरी जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस योगिनीताईनं त्यायच्या भाषेत लिहिलं. मी म्हटलं, ताई, मंग तुमी मले वाचून दाखवसान तवा मले समजलं पाह्यजे, मी बोलते तसंच लिहा. ठाण्याच्या साहेबानं हो म्हटलं. म्हणून याच्यापुढं माह्या बोलीत आहे.

डबा माहा आहे. त्याच्यात बारूद-फिरूद काई नाही. बिस्किटाचा पत्र्याचा गोल डबा आहे, त्याच्या झाकणाले मी खिळ्यानं आठ भोकं पाडले अन् दिवाळीच्या माळेतले आठ लाल दिवे बसवले. मधातली चकती फिरावी म्हणून भिंतीवरच्या घड्याळाची मशीन घातली. तीन पेन्सिल सेल. बाजूनं शिवणाच्या मशीनीतल्या दोऱ्याच्या चार बॉबिना, कडेनं चंदेरी झिप, बुडाले बकरमचं कडक कापड, अन् चालू-बंद करायले एक बटन. वाशिमहून आलेल्या बॉम्बवाल्या साहेबानं कागदावर 'घड्याळी यंत्र' लिहिलं, ते मी पाह्यलं. ते घड्याळ माह्या लग्नातल्या आहेरातलं आहे. त्यानं पंचवीस वर्षांत कदी बराबर टाइम दाखवला नाही, ते काय कोणाले उडवन.

साहेबानं विचारलं, बाई, असा डबा केलाच कायले. त्याचं असं आहे का, सपना अकरा वर्षांची होती तवा दर रविवारी सकाळी टीव्हीवर 'सप्तयान' नावाची हिंदी मालिका लागे. सात माणसं एका यानात बसून आकाशात हिंडतात. यानात एक पटल असते, त्याच्यावर सात दिवे. ज्याचा त्याचा दिवा. माणूस यानाबाहेर कुठंबी गेला तरी तो परत येतपर्यंत त्याचा दिवा लुकलुक करते, अन् त्याची जागा दुसऱ्या कोणाले देत नाहीत. यान हलवतच नाहीत. मले तवा हे काई माहीत नव्हतं. मले एवढंच माहीत होतं का पोरगी रविवारी पाणी भरायले उठत नाही.

सपनानं त्या मालिकेतलं सगळं हातानं केलं. पुठ्ठे, औषधाच्या गोळ्यायचे चांदीचे पाकिटं, फुटक्या पाइपाचे तुकडे. पेटीएवढं यान केलं, सातही माणसं केली, त्यायले माह्या कतरणीतून कपडे शिवले. माह्या मशीनीच्या बॉबिना चोरून त्याचे इंजिन केले. मी ऐन हंगामात, शाळा उघडायच्या टायमाले, बॉबिना हुडकत घरभर फिरो अन् ही गपचूप बसे. सहा वर्षं तिचं ते काम चाललं. आयटीआय करायले अमरावतीले गेली तरी सुटीत येऊन त्यालेच काई ना काई चिकटवे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आमी घराले रंग दिला. सगळं सामान अंगणात काढलं होतं. भंगारवाला आला. भंगाराच्या बदल्यात लसूण देऊन राह्यला होता. मी जुना पंखा दिला, गळकी बालदी दिली, अन् त्या यानाचा खोकाबी दिला. रागानं दिला नाही. मले तो कचराच दिसला. वरतून मी त्या भंगारवाल्यासंगं भाव केला, का खोका मोठा आहे, एक जुडी ज्यादा टाक. त्यानं टाकली.

सपना दुसऱ्या दिवशी आली. आल्या आल्या विचारलं, "आई, माहं यान?" मी रंगाच्या कामात होती. म्हटलं, "त्याचा लसूण आला."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, अशी माही सवय आहे, गावाले माहीत आहे. पोरगी भांडली असती तर मी भांडली असती अन् सांजवरी मिटलं असतं. तिनं आढ्याले टांगलेल्या लसणाकडं पाह्यलं अन् हात-पाय धुवायले गेली. दिवाळी झाल्यावर नागपूरले कामाले लागली. त्याले दोन वर्षं झाली, दोन दिवाळ्या गेल्या, ती घरी आली नाही. दर रविवारी तिच्या बापाले फोन करते. फोन स्पीकरवर राह्यते. मी बाजूले भाजी निवडत बसते. ती विचारते, आई कशी आहे, हे म्हणतात, आहे. आईले द्या असं ती म्हणत नाही, अन् मले द्या असं मीबी म्हणत नाही. आईनं लेकीची माफी मागायची आमच्यात रीत नाही. निदान माह्या मायनं तरी मले दाखवली नाही.

यंदा माघात फोनवर ती बापाले म्हणत होती, का कामावरून आली की अजून तेच 'सप्तयान' पाह्यते, आता मोबाईलवर सगळे भाग आहेत. ते मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुनेकडून मोबाईलवर लावून घेतलं अन् पहिल्या भागापासून पाह्यलं. बावन्न भाग आहेत. हिंदी समजते मले. शिवता शिवता पाह्यलं. चौदाव्या भागात एक बाई हरवते अन् बाकीचे सहा जणं तिचा दिवा पाहत तसेच बसून राह्यतात, जेवतबी नाहीत, तवा माह्या हातानं एका गिऱ्हाइकाच्या पोलक्याची बाही उलटी लागली. बाईनं कटकट केली, मी उसवून दिली.

यान काई मले जमलं नसतं. म्हणून पटल करायचं ठरवलं. पहिले दोन डबे बिघडले. एकाचे दिवे लागले नाहीत, दुसऱ्याले पत्रा कापता कापता हात कापला. हा तिसरा आहे. काम माघात सुरू केलं अन् आता झालं, नऊ महिने लागले. नवऱ्याले सांगितलं नाही. ते विचारत, काय करून राह्यली वो, मी म्हणो, डबा.

आज सकाळी सातच्या काळीपिवळी जीपनं, नागपूरले सपनाकडं जायले म्हणून, कारंजाले आली. संगं एक पिशवी, तिच्यात ठेचा अन् मुरमुऱ्याचे लाडू, अन् हातात डबा, रुमालात बांधलेला. नागपूर गाडी नऊ-चाळीसले लागली. गर्दी तुमाले माहीत आहे. सगळे खिडकीतून जागा धरून राह्यले होते. कोणी टोपी टाकली, कोणी पोराची पिशवी टाकली. मीबी पह्यले रुमालच टाकणार होती, पण रुमालाचं काय, लोक उचलून खाली टाकतात अन् वरून म्हणतात वाऱ्यानं पडला. डबा कोणी टाकत नाही. म्हणून मी रुमाल सोडला अन् डबा खिडकीतून तिसऱ्या बाकड्यावर ठेवला. ठेवता ठेवता बटन दबलं असन. मले समजलं नाही. मी दाराकडं गेली.

दाराशी रेटारेटीत असताना आतून कंडक्टर दौलतसिंग यायचा आवाज आला, "हा डबा कोणाचा आहे?" त्यायनं तीन वेळा विचारलं. मी तीनही वेळा ऐकलं. मी बोलली नाही.

का बोलली नाही, ते साहेबानं चार वेळा विचारलं, म्हणून नीट सांगते. मी तवा गाडीच्या बाहेर होती. बाहेरून जागा धरलेली कंडक्टर मानत नाहीत. आत आल्याबिगर 'माहा आहे' म्हटलं असतं तर म्हटले असते, बाई खाली अन् डबा वर, उचला. अन् जागा गेली असती. मी म्हटलं, वर चढू, बसू, मंग सांगू. मनात बाकी काई पाप नव्हतं. दौलतसिंगची काई चूक नाही. डबा लुकलुक करून राह्यला होता, घड्याळ टिकटिक करून राह्यलं होतं, अन् कोणी आपला म्हणत नव्हतं. त्यायनं त्यायचं काम केलं.

मंग कोणीतरी 'बॉम्ब' म्हटलं अन् सगळे उतरले. मी ओरडून सांगत होती का डबा माहा आहे, पण सगळेच ओरडत होते. पोलीस आले, दोरी बांधली. वाशिमहून गाडी आली, कुत्रा आला. दोन तास मी त्या दोरीपाशी उभी होती. ज्याले त्याले सांगत होती. एका जमादारानं म्हटलं, मावशी, मागं व्हा. तेवढ्यात मी ऐकलं का डबा मैदानात नेऊन फोडणार आहेत. तवा मी दोरीखालून गेली.

हे मी केलं, ते कबूल आहे. मी गाडीत चढली, तिसऱ्या बाकड्यावर बसली अन् डबा मांडीवर घेतला. खालून सगळे म्हणत होते, बाई उतरा. मी म्हटलं, फोडायचा असन तर असाच फोडा. तुमच्या योगिनीताई एकट्या दारापाशी आल्या. त्यायनं विचारलं, "काय आहे त्याच्यात, मावशी?" सकाळपासून तसं मले कोणी विचारलं नव्हतं. जो तो विचारे, कोणाचा आहे. मी बटन बंद करून दाखवलं, चालू करून दाखवलं, अन् झाकण उघडून त्यायच्या हातात दिलं. मंग कुत्र्यानं डब्याचा वास घेतला, माह्या पिशवीचा घेतला अन् शिंकला. ठेचा जरा जहाल झाला आहे. माह्या पायी त्या लोकायची गाडी चुकली, त्याचं मले वाईट वाटते.

इथं आणल्यावर साहेब म्हटले, तुमच्या म्हणण्याची खात्री करावी लागन. तवा योगिनीताईनं डब्याचा फोटो सपनाले पाठवला अन् साहेबानं फोन लावला. स्पीकरवर होता. साहेबानं माह्याबद्दल काई सांगितलं नाही. फक्त विचारलं, ही वस्तू ओळखता काय.  मंग ती म्हटली, 'सप्तयान'मधलं दिव्यायचं पटल आहे. साहेबानं विचारलं, बराबर तसंच आहे काय. तर म्हणते, "नाही साहेब, चुकलं आहे. दिवे सातच असतात."

साहेबानं डब्याकडं पाह्यलं, मोजले, अन् माह्याकडं पाह्यलं. आवाज बदलला त्यायचा. म्हटले, बाई, हा आठवा दिवा कायचा आहे, खरं सांगा.

मी खरं तेच सांगितलं. मी म्हटलं, "सात तिच्या लोकायचे. एक मी तिची जागा धरली."

 साहेब दोनदा हॅलो हॅलो म्हटले. मंग सपना बोलली, "तो डबा फोडू नका साहेब. माहा आहे. मी दोनच्या गाडीनं येऊन राह्यली." अन् मंग म्हणते, "आईले विचारा, मशीनीच्या बॉबिना कायले काढल्या, आता शिवन कायनं?"

मी फोन हातात घेतला. काय बोलली ते लिहू नका म्हटलं, तर साहेब म्हणतात जबाबात सगळं येते. येते तर लिहा. मी म्हटलं, "लसूण तसाच टांगला आहे वो माय. एक कांडी तोडली नाही. आता नुस्ती टरफलं राह्यली."  ताईनं पाणी दिलं.

आणखी एक सांगायचं आहे, ते गुन्ह्यातलं नाही, तरी लिहा. ते यान कचरा नव्हतं. मी न विचारता दिलं, माही चूक झाली. हे मी फोनवर म्हटलं नाही. हे तोंडावर माह्यानं होणार नाही, म्हणून इथं सांगून राह्यली. सपना सायंकाळी आली की हा कागद तिले वाचू द्या.

माह्यावर जो काई दंड-कारवाई असन ती मले मान्य आहे. डबा मात्र सपनाच्याच हातात द्यावा. माह्या हातात देऊ नका.

हा जबाब योगिनीताईनं मले सावकाश वाचून दाखवला. मी बोलली तसाच आहे, एक शब्द सोडून. वर, माही बोली लागायच्या आधी, त्यायनं 'बेवारस डबा' लिहिलं आहे. मी अर्थ विचारला. ताई म्हटल्या, ज्याले कोणी वारस नाही तो. मी म्हटलं, तो शब्द काढा, त्याबिगर मी सही करत नाही. साहेब म्हटले, खोडाखोड चालत नाही, दुरुस्ती खाली लिहून सही घ्या. त्याप्रमाणं :

दुरुस्ती : वर 'बेवारस' असा शब्द आहे, तो रद्द समजून त्या जागी 'सपनाचा' असे वाचावे.

सही : विमलबाई देवमन सरकटे