तिसराबी असाच काढा

माझ्या पहिल्या अल्बमला कुणी विचारलं नाही, हे तुम्हाला माहितीच आहे. दुसरा मी बायको वारल्यावर केला. गिटार तीच, ड्रम तेच, फक्त सगळी गाणी तिच्यावरची. तो मात्र चालला. परवा पानशेतच्या एका हॉटेलात गायलो, तर लोक शब्दन् शब्द माझ्याबरोबर म्हणत होते. गाणं संपवून खाली उतरलो, तोच पासलीच्या एका टेम्पोवाल्यानं हात धरला.

"दादा, ह्यो अल्बम लई भारी! पयल्यात काय दम नव्हता. ह्यो काळजाला भिडला बगा. आता तिसराबी असाच काढा."

मी म्हटलं, "कुणावर काढू? घरात आता मी एकटाच उरलोय."

"मग येळच येळ हाय की!" असं म्हणून त्यानं खुशीत सेल्फी काढली.