चकातली चावी

तेजलला बघायला आलेले आयटीआयचे निकम सर दवाखान्यात तिच्या आईच्या मागच्या बाकावर नुकतेच टेकले होते. आईशेजारी तेजलची वर्गमैत्रीण मिनल होती. दोघींचं सरांकडे लक्ष नव्हतं.

"काकू, लेथ मशीनवर लोखंड धरून फिरवणाऱ्या चकात तो आवळायची चावी तशीच राहिली. मशीन चालू केलं आणि ती उडून डोळ्यावर बसली."

"आदी चावी काढावी, हे शिकवलं न्हाई व्हय?"

"तिच्या जर्नलमध्ये पहिल्याच पानावर आहे."

"सोताच्या हातानं लिवलं, मंग इसरली कशी?"

"ते एआयनं लिहून दिलं, काकू. आम्ही सगळ्यांनी नुसतं उतरवलं."

"आन् सरांनी?"

"सरांनी 'उत्तम' लिहून सही केली. वाचतंय कोण!"

आई वळली.

"अगं बया, सर! बरं झालं आलात. डाक्टर ह्या कागदावर सही मागत्यात. तेवढं वाचून सांगा."