उद्या सांगते

(दुबलगुंडी, १९५३. कचेरीतला कारकून मल्लिकार्जुन गोष्ट सांगतोय, बायको निलम्मा लिहून घेतेय. शेजारी त्याची आई पार्वतम्मा तूर निवडतेय.)

मल्लिकार्जुन : लिही, 'त्यानं तिचा हात खस्सकन ओढला आणि ती लाजली.' कामून थांबलीस?

निलम्मा : हे मी लिहायची न्हाई.

मल्लिकार्जुन : अगं, दुपारच्या मोटारीनं टपाल जायलंय! मासिकाची मुदत संपायलीय.

निलम्मा : मग तुमीच लिवा की.

मल्लिकार्जुन : साळंत सगळं उर्दूत शिकलो. माझी मराठी अक्षरं अजून लंगडतात, ठावं हाय तुला.

पार्वतम्मा : आन् मराठीत गोष्टी रचायलाय!

निलम्मा : खस्सकन हात ओढल्यावर बाई लाजत न्हाई. मनगट चोळत बसते.

मल्लिकार्जुन : पण वाचणाऱ्याला प्रेम दिसाय नको?

निलम्मा : मला बघायला आलता, तवा ओढलाव का हात?

मल्लिकार्जुन : ते कशाला आता...

पार्वतम्मा : मी सांगते. भरल्या बैठकीत ह्यानं तिलाच इचारलं, "मी पसंत हाय का तुमाला?" बसवंतप्पाकाकाच्या घशात पान अडकलं!

निलम्मा : मी म्हणलं, उद्या सांगते.

पार्वतम्मा : मग काय! ही मामाकडंच ऱ्हायची. दुसऱ्या दिशी हा त्या मामाच्या दारात तीनदा पाणी मागायला गेला.

मल्लिकार्जुन : अव्वा! हे छापलं तर कचेरीतले हसतील. बायकोला इचारणारा नायक!

निलम्मा : हसू द्या. तीनदा आलाव, पण एकदाबी उंबरा वलांडला न्हाई. मी दाराआडून बघायलते. त्यावरच तर व्हय म्हणलं.

मल्लिकार्जुन : हे कधी बोलली न्हाईस.

निलम्मा : तुमी इचारलं न्हाई.

पार्वतम्मा : त्या दिशी समदी बैठक हसली. मी न्हाई हसले. म्हणलं, पोरगं माझं हाय.

मल्लिकार्जुन : सोड ती ओळ. लिही, 'त्यानं विचारलं. ती म्हणाली, उद्या सांगते.'

निलम्मा : आता कशी माणसं दिसायलीत.

मल्लिकार्जुन : आन् खाली दोघांची नावं घालावी म्हणतो. आधी तुझं. चालंल का तुला?

निलम्मा : उद्या सांगते.

मल्लिकार्जुन : मोटार आज हाय, बाई!

पार्वतम्मा : अरे, कागद तरी बघ. मला वाचता येत न्हाई, पण खाली दोन नावं हायेत, एवढं दिसायलंय.