परवानगी देणाऱ्या माणसाचं चरित्र

...अन् पुस्तकात छापलंय काय, तर 'पतीने मोठ्या मनाने परवानगी दिली'! परवानगी म्हणं! अवं, तुम्हाला सांगते, धंदा माझा, मोसंबीच्या शरबताचा. घनसावंगीहून माझ्या बाटल्या जालन्याच्या दुकानात जातेत, गावातल्या बाया माझ्याकडं कामाला येतेत. अन् जिल्ह्यातल्या उद्योजकांच्या चरित्रांचं पुस्तक निघालं, त्यात माझ्या पानावर फोटो कुणाचा? आमच्या ह्यांचा! फेटा बांधून!

झालं काय, सोमेश्वर सर म्हणून लेखक आल्ते जालन्याहून. म्हणले, "दैवशालाताई, अगदी सुरवातीपासून सांगा." मंग सांगितलं. एका साली वादळ झालं अन् सगळी मोसंबी झाडाखाली. व्यापारी आला, पायानं फळ लोटलं अन् गाडीत बसून गेला. आमचे हे तोंडावर चादर घेऊन जे झोपले ते उठायलाच तयार न्हाई! मला रडू येत व्हतं, पण रडत बसून कसं, फळं सडून राह्यली व्हती ना! मी अन् माझ्या सासूबाई, झुंबरबाई, दोघी रस काढत बसलो. पहिल्या बाटल्या फुगल्या... अशा फुगल्या... धाडकन् फुटल्या! भिंत चिकट, पत्रे चिकट, सासूबाईच्या केसात मोसंबी! त्या म्हणल्या, "हसून घे पोरी, मंग पुन्हा कर." पुन्हा केलं. पुन्हा फुटल्या. मंग एका बाईकडं जाऊन शिकून आले, साखर कवा टाकायची, उकळायचं कसं... तुम्ही तरी ऐकून राह्यलात, सरांचा पेन बंद! म्हणे, "ते ठीक आहे, पण तेव्हा कल्याणराव काय म्हणाले?"

झालं! आमचे हे खुर्ची वढून पुढं. "मी म्हणलं, कर!"

म्हणलं व्हतं का? म्हणलं व्हतं! खोटं कशाला बोलू? पण पुरं तर ऐका: "कर काय करायचं ते, पण माझ्या उशापाशी मिक्सर लावू नको!" सरांनी 'कर' तेवढं उचललं अन् मिक्सर सोडून दिला! परवानगी म्हणं!

मी म्हणलं, "सर, सासूबाईचं लिव्हा बरं का." "लिहू की ताई, जागा उरली तर." ह्यांच्या दूरदृष्टीतच पानं सरली, जागा कुठून उरती? पुस्तक आलं तसं सासूबाईला सगळं वाचून दाखवलं. शेवटाला म्हातारी म्हणली, "ह्याच्यात मी कुठंय गं?"

मी पुस्तक मिटलं. लगेच सरांना फोन. म्हणे, "पुढच्या आवृत्तीत बघू, ताई."

अन् इकडं आमच्या ह्यांना अंबडहून भाषणाचं बोलावणं! विषय काय, तर 'पत्नीच्या यशातला पती'! मी इस्त्रीचा शर्ट हातात देतानाच बजावलं, "आज आईचं नाव न्हाई घेतलं तर माझ्याशी बोलू नका." "घेतो की, बराबर घेतो!" सासूबाईला नवं लुगडं नेसवलं, पुढच्या रांगेत बसवलं. हे उभे राह्यले, घसा खाकरला अन् म्हणतेत कसे, "ह्या कामाला माझ्या आईनंबी परवानगी दिली!"

टाळ्या! सासूबाई माझ्याकडं बघून राह्यल्या, मी छताकडं बघून राह्यले. परवानगी म्हणं!

भाषण झालं. लोकांना शरबत वाटलं, माझंच. शेजारच्या खुर्चीवरची बाई गिलास वर करून म्हणती, "किती गोड बोलतेत हो तुमचे मिस्टर! अन् शरबत तर काय झकास!" मला वाटलं, चला, एवढं तरी कळलं हिला. तर घोट घेतला अन् इचारते कशी, "अन् ताई, तुम्ही? घरीच असता का?"

म्हणलं, व्हय बाई... घरीच. घ्या अजून एक गिलास.