खिंडीतल्या म्हातारीचा घेवडा

ऐका रं पोरांनो, सरका जवळ. चुलीकडं बघू नका, माझ्याकडं बघा.

आपल्या घरात काळ्या घेवड्याचं बी व्हतं. साऱ्या गावात तेवढंच! माझी चुलती लहानूबाई ते राखेत घोळून मडक्यात ठिवायची. तिच्या नव्या सुनेला काय ठावं? राख बघून म्हनली, घान झालंय. धुतलं, शिजवलं, झकास आमटी केली! सगळ्यांनी दोन-दोन वाट्या हानल्या. मी बी हानल्या, खोटं कशाला बोलू? मग चुलती मडकं बघाया गेली...

सुनेला बोलली न्हाई ती. तडक डोंगरापल्याड माहेरी गेली. तिथं बी मूठभरच उरलेलं. सकाळी मातीत टोकायचं व्हतं, म्हनून पदराला गाठ मारून अंधारातच माघारी निघाली. एकटी!

खिंडीत हाक आली. "बाई, मूठभर दे गं. भूक लागलीय."

चुलती तशीच पुढं. अशा हाकंला ओ द्यायची न्हाई, ठावं हाय ना? चालली, चालली, आन् परत त्याच जांभळीखाली! पुन्यांदा चालली. पुन्यांदा जांभळी! चकवा, दुसरं काय? तेवढ्यात पदर तानला. मागं बघती तर एक म्हातारी वाळक्या बोटांनी गाठ सोडतीय. पाय उलटे!

चुलतीनं गाठ घट्ट धरली. वरडली, "खायला मागतीस का लावायला?"

बोटं थांबली. म्हातारी हमसून रडाय लागली. "दुष्काळात बियाचा घेवडा लेकरांना शिजवून घातला गं. लेकरं जगली. पर वेल पुन्यांदा दारात आला न्हाई. लावायला दे."

आता लावायला मागनाऱ्याला आपल्यात कोनी न्हाई म्हनतं का? भूत असलं म्हनून काय झालं! चुलतीनं पाच दाने जांभळीच्या बुडाशी ठिवले आन् जी पळाली, ती दारातच येऊन पडली.

पुढल्या साली जांभळीवर वेल चढला. आन् ऐका, तिसऱ्या साली आपल्या वेलाला कीड लागली. समदा बियासकट गेला. चुलती भर दुपारी खिंडीत गेली, पदर पसरला. "लावायला दे गं बाई."

जांभळीखालच्या दगडावर वाळक्या शेंगा ठिवलेल्या!

आज तुम्ही जेवला तो घेवडा त्याच शेंगांच्या बियाचा. तरी बी रातीचं त्या वाटंनं जाऊ नका. आन् त्या जांभळीवरच्या वेलाची शेंग खायाला तर मुळीच तोडू नका. म्हातारी लई मायाळू हाय, पर बियाला हात लागला तर ती कुनाचं लेकरू हाय ते बी बघत न्हाई.